विचारपूस

तो बाकावर बसून पाहत होता म्हणून दिसलं, नाहीतर कळलंही नसतं. सरकारी वकिलाने कोटाच्या खिशातून बिस्किटांचा पुडा काढला, एक बिस्कीट मधोमध मोडलं आणि अर्धा तुकडा वकीलबाईंना दिला. वकीलबाई म्हणजे त्याच्याच वकीलबाई, त्याला सोडवायला नेमलेल्या. त्यांनी नुसता घेऊन ठेवला असता तर एक वेळ चाललं असतं. पण त्यांनी हातातली कागदांची चळत काखेत मारली, तुकडा तोंडात टाकला आणि चावता चावताच काहीतरी बोलल्या. त्यावर सरकारी वकील मान मागे टाकून मोकळेपणी हसला. कोर्टाचा तो व्हरांडा लांबच लांब होता, फरशी नुकतीच पुसलेली होती आणि ते हसणं फरशीवरून घरंगळत त्याच्या पायापाशी आलं. शेजारी बायको पर्स मांडीवर घट्ट धरून समोरच्या बंद दाराकडे बघत बसली होती. तिने काही पाहिलं नव्हतं. त्याच्या मनात मात्र पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली ती थांबेचना.

बिस्कीट ते काय, आणि त्यातलंही अर्धं. पण ज्याला आज संध्याकाळी आपण घरी असू की कोठडीत हे ठाऊक नसतं, त्याला बिस्किटाचाही हिशेब लागतो. तो लिफ्टचा मेकॅनिक. या परक्या देशात येऊन मुलगी पहिलीत जाईपर्यंतची वर्षं त्याने लोकांना वर-खाली नेणारी यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली होती. इथली भाषा त्याला कामापुरती येत होती. पान्याला काय म्हणतात, तेलाला काय म्हणतात, साहेब चिडले की काय म्हणतात. कोर्टाची भाषा निराळी. आज ठरायचं होतं ते एवढंच की खटला उभा राहीपर्यंत याला बाहेर राहू द्यायचं की आत टाकायचं. आत गेला की नोकरी जाणार, नोकरी गेली की इथे राहायचा परवाना जाणार, आणि परवाना गेला की बायको आणि पोर दोघींचं बिऱ्हाड उठणार. हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बायकोलाही नव्हती, म्हणून तर ती पर्स अशी धरून बसली होती.

गुन्हा कसला म्हणाल तर निष्काळजीपणाचा. कामाची रीत अशी होती की लिफ्टच्या वरच्या खोलीत मेन स्विच बंद करायचा आणि त्यावर प्रत्येकाने आपापलं कुलूप घालायचं. दोघे कामावर असले तर दोन कुलपं. आपलं काम झालं की आपण आपलं काढायचं, दुसऱ्याचं त्याने काढायचं. त्या दिवशी त्याच्याबरोबर लंबू होता. लंबू हे नाव त्याच्या मुलीने ठेवलेलं. तोही परदेशीच, तिसऱ्याच कुठल्या देशातला, दारातून वाकून येणारा आणि हसला की आधी खांदे हलणारा. याने आपलं काम संपवलं, आपलं कुलूप काढून स्विच चालू केला आणि जिना उतरायला लागला. लंबूचा हात अजून पुलीत होता आणि लंबूचं कुलूप गाडीतच राहिलं होतं. खाली कुणीतरी बटण दाबलं. लंबूची दोन बोटं गेली. आता प्रश्न एवढाच की आपलं कुलूप काढताना याने दुसरं कुलूप आहे की नाही हे पाहिलं होतं का. पोलिसांनी विचारलं, कंपनीने विचारलं, आणि तो स्वतःला तर भांडी घासतानासुद्धा विचारत होता. डोळे मिटले की त्याला स्विच दिसायचा, आपला हात दिसायचा, हाताच्या मागे काहीतरी लोंबताना दिसायचं. कधी ते कुलूप असायचं, कधी नुसती सावली. पाहिलं होतं असं म्हणावं तर आपणच आपल्याला फसवतोय असं वाटे, आणि नव्हतं पाहिलं असं म्हणायला जीभ रेटत नसे.

त्याच्या वडिलांचाही एक दावा होता. सायकलच्या दुकानाची आणि शेजाऱ्याच्या घराची मिळून एक भिंत, ती कुणाची यावरून. लहानपणी तो वडिलांचा हात धरून कोर्टात जायचा. कोर्ट म्हणजे त्याला टाइपरायटरचा कडकडाट, उन्हात तापलेली बाकं आणि वडिलांच्या शर्टाला येणारा इस्त्रीचा वास एवढंच आठवत होतं. आणि एक दुपार. वडील त्याला पाणी पाजायला उपाहारगृहात घेऊन गेले तर तिथे त्यांचा वकील आणि शेजाऱ्याचा वकील एकाच टेबलावर चहा पीत बसलेले. वडिलांच्या हातातला पेला तसाच राहिला. घरी आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "आपला माणूस फुटलाय." पुढे तारखा पडत राहिल्या आणि वडील खंगत गेले. ते गेल्यावर आई एका संध्याकाळी उठली, वाटीभर काहीतरी गोड केलं आणि शेजाऱ्याच्या घरी जाऊन बसली. शेजारी रडला, आई रडली, आणि त्या भिंतीचं भांडण तिथल्या तिथे मिटलं. म्हणजे कोर्टात जे वर्षानुवर्षं नासतं ते दुसऱ्याच्या घरी जाऊन बसलं की सुटतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. माणसाच्या डोक्यात असल्या गोष्टी एकदा बसल्या की कुठल्या देशात गेलं तरी त्या सामानाबरोबर येतात. कस्टमवाले त्या तपासत नाहीत.

पहिल्या सुनावणीला त्याला दुभाषी दिला होता. पांढऱ्या मिशांचा, आपल्याच भाषेचा, स्वेटरला कोपरावर चामड्याचं ठिगळ लावलेला माणूस. आपली भाषा कानावर पडली तसा त्याचा जीव भांड्यात पडला होता. "तुम्ही कुठले?" त्याने लगबगीने विचारलं. दुभाषी म्हणाला, "ते राहू द्या. मी कोर्टाचा माणूस आहे. तुमचाही नाही आणि त्यांचाही नाही." हे ऐकून उलट त्याचे कान टवकारले. जो कुणाचाच नाही तो कुणाचा तरी असणारच. शिवाय बोलण्याची तऱ्हा अशी चमत्कारिक की जज बोलले की हा त्याच्या कानाशी लागून म्हणे, "मी तुम्हाला अट घालतो," आणि सरकारी वकील बोलला की हाच म्हणे, "माझा याला विरोध आहे." एकाच मिशीखालून सगळे बोलत होते. त्याच दिवशी जजनी अट घातली. दुभाष्याने ती नीट सांगितली, त्यात खोट काढायला जागा नव्हती: पासपोर्ट जमा करायचा, पत्ता बदलायचा नाही आणि इजा झालेल्या माणसाला भेटायचं नाही. "समजलं का, असं मी विचारतो," दुभाषी म्हणाला. तो म्हणाला, समजलं. आणि शब्द खरंच समजले होते. त्याला वाटलं, भेटायचं नाही म्हणजे दमदाटी करायला जायचं नाही. विचारपूस करायला जायचं नाही असं कुठला शहाणा जज सांगेल?

घरी हा विषय बायकोने काढला. ती भिजवलेल्या कपड्यांवर वाकलेली होती, वर न बघताच म्हणाली, "अहो, त्या लंबूभाऊजींकडे जायला नको का आपण?"

"नको म्हणालेत."

"कोण नको म्हणालं? त्यांची बायको?"

"कोर्ट."

"कोर्टाला काय कळतंय! त्यांची बोटं गेली, आणि आपण तोंडसुद्धा दाखवायचं नाही? उद्या वाटेत गाठ पडली तर कुठल्या तोंडाने बोलू मी त्यांच्या बायकोशी?"

तिचं म्हणणं त्याला पटलं. खरं तर तिने म्हणावं म्हणूनच तो गप्प राहिला होता. रविवारी दोघं गेली. सफरचंदं, मोसंबी आणि द्राक्षं घेतली. लंबूच्या बायकोने दार उघडलं, क्षणभर दोघांकडे पाहिलं आणि बाजूला झाली. लंबू पलंगावर उशीला टेकून बसला होता, पट्टी बांधलेला हात वेगळ्या उशीवर ठेवलेला, जणू तो हात पाहुणा होता. काय बोलायचं ते याने मनात जुळवलं होतं, इथल्या भाषेत, क्रियापदांसकट. पण तो हात पाहिला आणि सगळं विसरला. पलंगाच्या कडेला बसून तो ढसाढसा रडला. लंबू दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटत राहिला. "माझंच कुलूप गाडीत होतं," लंबू म्हणाला, "तू कशाला रडतोस?" मग कॉफी आली. लंबूची बायको आणि त्याची बायको, एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, पण स्वयंपाकघरात दोघी बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. परतताना त्याला हलकं वाटलं. असं हलकं त्याला अपघातानंतर पहिल्यांदाच वाटलं होतं.

ते फार टिकलं नाही. बसमधून उतरल्यावर त्याला वाटलं, लंबू इतका गोड का वागला? कुलूप गाडीत राहिल्याचं आपणहून का बोलला? आपल्याला बोलतं करत होता का? पलंगाशेजारच्या टेबलावर फोन होता, तो पालथा का ठेवला होता? आणि त्याच्या बायकोने दार उघडताना जे पाहिलं, ते काय पाहणं होतं? त्याने हे आपल्या बायकोला बोलून दाखवलं नाही. तिलाही त्याने कामावर या खटल्याबद्दल कुणाकुणाशी बोलतेस म्हणून आडून विचारलं होतंच, आणि तिच्या ते लक्षात आलं होतं. मेहुण्याला मात्र फोन केला. मेहुणा तिकडे आपल्या गावात कोर्टाच्या आवारात स्टॅम्प विकायचा आणि त्या बळावर घराण्याचा कायदेपंडित झाला होता. "भाऊजी," तो म्हणाला, "गेलात ते ठीक केलंत. आता मिठाची गुळणी धरून बसा. वकिलालासुद्धा सांगू नका. फुकटचा वकील आहे ना? त्याला पगार कोण देतं?"

"सरकार."

"आणि समोरच्याला?"

"सरकारच."

"मग झालं तर!" मेहुणा म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ ते "झालं तर" त्याच्या कानात होतं.

आणि आता हे बिस्कीट. वकीलबाई ओठांवरचा चुरा झटकत त्याच्याकडे आल्या, दुभाष्याला खुणेने बोलावलं. आता दोघेही त्याच्यासमोर उभे होते, तो बसलेला. उठावं असं त्याला वाटलं, पण उठला असता तर तिघांचे चेहरे फार जवळ आले असते. बाईंच्या श्वासाला बिस्किटाचा गोडसर वास येत होता. त्या भरभर बोलल्या आणि दुभाषी त्याच सुरात म्हणाला, "आत जाण्याआधी मला एक सांगा. तुम्ही त्या माणसाला भेटलात का? फोन, निरोप, काहीही. झालं असेल तर आत्ता सांगा. मी आत गेल्यावर आपणहून सांगेन, मग ते फारसं अंगाशी येत नाही. पण मला दुसऱ्याकडून कळता कामा नये."

त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, कोटाचं एक बटण तुटलेलं होतं. चांगल्या वाटत होत्या. वडिलांचा वकीलही चांगलाच वाटायचा, येताना पोराच्या डोक्यावरून हात फिरवायचा. आत्ताच का विचारतायत? त्या हसण्यानंतर लगेच का? आपणहून सांगेन म्हणतात, म्हणजे आपल्याच तोंडाने आपल्या अशिलाला फासावर द्यायचं? आणि हा मिशीवाला ऐकतोय, तो तर कोर्टाचा माणूस. पलीकडे सरकारी वकील पुड्यातलं उरलेलं बिस्कीट चघळत भिंतीवरची सूचना वाचत होता. फारच लक्ष देऊन वाचत होता. रोज या व्हरांड्यात येणारा माणूस भिंतीवरची सूचना कशाला वाचेल?

"नाही," तो म्हणाला. "भेटलो नाही."

बायकोने झटकन वळून त्याच्याकडे पाहिलं. दुभाष्याने बायकोकडे पाहिलं. मग त्याने "नाही" एवढंच इथल्या भाषेत सांगितलं, आणि बाईंनी खांदा सैल सोडून मान हलवली.

आतली खोली त्याने कल्पना केली होती त्याहून लहान होती. शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीसारखी, खिडकीत पाण्याची बाटली ठेवलेली. जज सर्दीने बेजार झालेले, सारखा रुमाल नाकाला लावत होते. मागच्या बाकांवर बायको जाऊन बसली, आणि तिच्यापलीकडे लंबू आणि लंबूची बायको. लंबूला पाहून त्याने नजर वळवली. लंबूने मात्र लांबूनच भुवया उंचावून ओळख दिली. वकीलबाई उठल्या, आणि दुभाषी कानाशी सांगू लागला, "माझ्या अशिलाने प्रत्येक अट पाळली आहे. आज सकाळीच मी त्यांना पुन्हा विचारलं. ते कुणालाही भेटलेले नाहीत. त्यांचं घर इथे आहे, मुलगी इथल्या शाळेत आहे." मग सरकारी वकील उठला. आता काय तो वार होणार म्हणून त्याने टेबलाची कड धरली. दुभाषी म्हणाला, "अटी पाळल्या गेल्या असतील तर माझी काही हरकत नाही. बाहेर व्हरांड्यात आमचं तसं बोलणं झालं आहे." आणि तो खाली बसला. एवढंच.

एवढंच? त्याने पुन्हा दुभाष्याकडे पाहिलं. दुभाष्याने तेच वाक्य पुन्हा सांगितलं. म्हणजे त्या तिथे, हसत हसत, बाईंनी हे मिळवलं होतं. त्याचा चेहरा कानापर्यंत तापला. या बाईला मी काय समजलो, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला तिची क्षमा मागावीशी वाटली, आत्ता, लगेच, इथेच तिची बाही ओढून. त्याने हात पुढे केलाही. पण तोवर जजनी रुमाल बाजूला ठेवून मागे पाहिलं होतं. इजा झालेल्या माणसालाही बोलायचा हक्क असतो, त्यांना काही म्हणायचं आहे का, असं ते विचारत होते. लंबू उठला होता, बाकाच्या पाठीला चांगला हात धरून, वाकून, त्याच्या त्या बेताच्या, कारखान्यात शिकलेल्या भाषेत बोलायला लागलाही होता. ती भाषा समजायला त्याला दुभाष्याची गरज नव्हती.

"हा चांगला माणूस," लंबू म्हणाला. "मोठा चांगला माणूस. माझ्या घरी आला. बायकोला घेऊन आला, फळं आणली. माझ्या पलंगावर बसून पोरासारखा रडला. वाईट माणूस असा घरी येतो का? माझी कंपनी नाही आली. हा आला. याला घरी ठेवा."

आणि लंबू बसला, खांदे हलवत, चांगलं काम केल्याच्या समाधानाने. त्याच्या बायकोने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

वकीलबाई उभ्याच होत्या. त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलंही नाही, पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांची मान हळूहळू लाल होत गेली, कॉलरपासून वर. सरकारी वकील कागदाकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, उलट आपला घास अडकल्यासारखं काहीतरी होतं. जज बोलले आणि दुभाष्याचा आवाज त्याच्या कानाशी आला, नेहमीसारखाच सपाट. "मी तुम्हालाच विचारतो. तुम्ही त्यांच्या घरी गेला होतात का?"

नाही म्हणता आलं असतं. लंबूची भाषा मोडकी, औषधांची गुंगी, दुसऱ्याच कुणाशी गल्लत झाली असेल, काहीही म्हणता आलं असतं. पण मग तो लांबडा, बोटं गमावलेला, आपल्यासाठी जिना चढून आलेला माणूस खोटा पडला असता, भर कोर्टात, याच्यामुळे. या जगात त्या क्षणी त्याला ज्याचा संशय येत नव्हता असा तो एकटाच माणूस होता. रस्त्यात बसमधून उतरल्यावर त्याच्यावरही आपण संशय घेतला होता हे आठवून त्याला स्वतःची शिसारी आली.

"गेलो होतो," तो म्हणाला. "वकीलबाईंना मी खोटं सांगितलं. त्यांचा यात काही दोष नाही."

दुभाष्याने ते सांगितलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज किंचित अडखळला. जज बराच वेळ लिहीत राहिले, मध्ये एकदा शिंकले. मग ते हलक्या आवाजात, भराभर, कायद्याच्या भाषेत बोलले आणि दुभाषी पुटपुटला, "भेटायला गेलात, यासाठी मी तुम्हाला ताकीद देऊन सोडलं असतं. लोक जातात. पण तुम्ही ते तुमच्या स्वतःच्या वकिलापासून लपवलंत. जो आपल्या वकिलाला खरं सांगत नाही त्याचा शब्द मी धरून चालू शकत नाही. खटला उभा राहीपर्यंत तुम्ही आत राहाल."

खुर्च्या सरकल्या. शिपाई बाजूच्या दारापाशी येऊन उभा राहिला आणि दोन मिनिटं देतो अशी त्याने खूण केली. वकीलबाई कागद गोळा करत होत्या. त्या काहीतरी म्हणाल्या, दुभाषी निघून गेला होता, पण ते त्याला कळलं. का सांगितलं नाहीत, असं त्या विचारत होत्या. रागाने नाही. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. कुठून सुरुवात करणार? त्याने खाली घसरलेला एक कागद उचलून त्यांच्या हातात दिला.

बायको कठड्यापाशी आली. जज शेवटी काय म्हणाले ते मागे तिला ऐकू गेलं नव्हतं. "अहो, काय म्हणाले? झालं ना?"

"आज शाळेतून तिला तू आण," तो म्हणाला.

तिने शिपायाकडे पाहिलं, मग बाजूच्या दाराकडे. तिने पर्समधून रुमाल काढला आणि तो त्याच्या हातात कोंबला, स्वतःचे डोळे न पुसताच. तेवढ्यात तिच्या मागून लंबू आला, वाकून, पट्टीचा हात छातीशी धरून, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू जराही कमी झालं नव्हतं.

"मी बरोबर बोललो ना?" त्याने विचारलं. "सगळं सांगितलं. काही विसरलो नाही."

"छान बोललास," तो म्हणाला.

"मग आता घरी?"

बायको तोंडावर हात धरून भिंतीकडे वळली होती. शिपायाने घड्याळ पाहिलं. लंबू वाट बघत होता.

"हो," तो म्हणाला, "आता घरीच," आणि लंबूच्या चांगल्या हातात हात देऊन तो बाजूच्या दाराकडे निघाला.